३१ शून्ये आणि १ धाव : स्पॅन विरुद्ध मारिचाल, २ जुलै १९६३

१/२५
२ जुलै १९६३ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोतील कँडलस्टिक पार्कमध्ये बेसबॉलचा एक सामना सुरू झाला. सामना ९ डावांचा असतो; हा १६ व्या डावापर्यंत गेला आणि मध्यरात्र उलटल्यावर संपला. निकाल १–०. मिलवॉकी ब्रेव्हजच्या ओळीत १६ शून्ये, सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या ओळीत १५ शून्ये आणि शेवटी एकच १. दोन्ही संघांनी अखेरपर्यंत आपला पिचर बदलला नाही. एकाचे वय ४२ होते, दुसऱ्याचे २५.

२/२५
क्रिकेटमध्ये वाढलेल्या वाचकासाठी थोडे नियम. प्रत्येक डावात दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात. ३ फलंदाज बाद झाले की अर्धा डाव संपतो. ९ डावांनंतर बरोबरी असेल तर निकाल लागेपर्यंत जादा डाव खेळले जातात. षटके नसतात, टोके बदलत नाहीत. साडेअठरा मीटरांवरून एकच पिचर सलग चेंडू टाकत राहतो. त्याला कधीही बदलता येते. मात्र एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही.

३/२५
म्हणूनच पिचरला काढण्याचा निर्णय हा त्या रात्रीचा सर्वांत मोठा प्रश्न होता. ४२ वर्षांच्या वॉरन स्पॅनने २०१ चेंडू टाकले. २५ वर्षांच्या हुआन मारिचालने २२७. क्रिकेटच्या भाषेत २२७ चेंडू म्हणजे जवळपास ३८ षटके. तीही चार तासांत आणि दुसऱ्या टोकाला कोणी साथीदार नसताना. हे दोघे तिथवर कसे पोहोचले आणि थांबायला तयार का नव्हते, हे समजून घेण्यासाठी आधी दोन वेगळ्या देशांत जावे लागेल.

४/२५
स्पॅनचा जन्म १९२१ चा, न्यूयॉर्क राज्यातील बफलो शहरातला. १९४२ मध्ये, वयाच्या २० व्या वर्षी, तो बोस्टन ब्रेव्हजकडून मेजर लीगमध्ये उतरला. व्यवस्थापक होते केसी स्टेंगल. समोरच्या फलंदाजाला धाक बसावा म्हणून अंगावर चेंडू टाक, असा त्यांचा हुकूम होता. स्पॅनने तो हवा तसा पाळला नाही. स्टेंगल यांनी त्याच्यात हिंमत नाही असे ठरवले आणि त्याची रवानगी खालच्या लीगमध्ये केली. पुढे स्टेंगल यांनी ही आपली मोठी चूक असल्याचे कबूल केले.

५/२५
हिंमतीची परीक्षा लवकरच दुसरीकडे झाली. स्पॅन सैन्याच्या अभियांत्रिकी तुकडीत दाखल झाला. त्याने युरोपातील १९४४–४५ च्या हिवाळ्याची लढाई पाहिली. मार्च १९४५ मध्ये त्याची तुकडी जर्मनीतील रेमागेन येथे ऱ्हाइन नदीवरील लुडेनडॉर्फ पुलाच्या दुरुस्तीवर होती. तेथे त्याच्या पायात तोफगोळ्याचा तुकडा घुसला. १७ मार्चला तो पूल कोसळला आणि दुरुस्ती करणारे अनेक सैनिक त्याच्यासह नदीत गेले. स्पॅन वाचला. जखमी सैनिकांना दिले जाणारे ‘पर्पल हार्ट’ पदक त्याला मिळाले, रणांगणावरच अधिकारीपदही मिळाले.

६/२५
युद्धाने त्याच्या कारकिर्दीची तीन वर्षे घेतली. मेजर लीगमधील पहिला विजय त्याला १९४६ मध्ये मिळाला, तेव्हा तो २५ वर्षांचा होता. मारिचाल त्या रात्री ज्या वयाचा होता, त्या वयात स्पॅनची खरी सुरुवात झाली. पुढील १७ वर्षांत तो डावखुऱ्या पिचरांमधील सर्वांत यशस्वी पिचर ठरला. वेग ओसरत गेला तसा त्याने स्क्रूबॉल आत्मसात केला. हा चेंडू नेहमीच्या वळणाच्या उलट दिशेला वळतो. ताकदीची जागा हळूहळू अचूकतेने घेतली.

७/२५
स्पॅन १९४२ मध्ये पहिल्यांदा मैदानात उतरला तेव्हाची मेजर लीग फक्त गोऱ्यांची होती. कृष्णवर्णीयांना तेथे प्रवेश नव्हता. ती भिंत १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनच्या पदार्पणाने फुटली. १९६३ च्या या सामन्यातील नावे पाहिली की मधल्या काळाचे अंतर दिसते : विली मेज, हँक ॲरन, विली मकोव्ही, पोर्टो रिकोचा ओरलँडो सेपेडा, डॉमिनिकन प्रजासत्ताकाचे फेलिपे अलू आणि मारिचाल. २१ वर्षांपूर्वी यांपैकी एकालाही त्या मैदानावर उभे राहता आले नसते.

८/२५
मारिचालचा जन्म १९३७ चा, डॉमिनिकन प्रजासत्ताकातील लागूना व्हेर्दे या खेड्यातला. वडील तो तीन वर्षांचा असतानाच गेले. देशावर १९३० पासून राफाएल त्रुहियो या हुकूमशहाची पकड होती. तरुण हुआन एका फळ कंपनीच्या संघाकडून खेळत असे. त्या संघाने हवाई दलाच्या संघाला हरवले, ते मारिचालच्याच पिचिंगवर. हवाई दलाचा संघ हा हुकूमशहाचा मुलगा राम्फिस याचा लाडका संघ होता. लगोलग तार आली : मारिचालने हवाई दलात भरती व्हावे.

९/२५
अशा आज्ञेला नकार देण्याची सोय नव्हती. मारिचाल सैनिक झाला, पण त्याची कामगिरी एकच : बेसबॉल जिंकणे. एकदा संघ एकाच दिवसात दोन सामने हरला, तेव्हा चौकशी बसली आणि खेळाडूंना काही दिवस कोठडीत काढावे लागले. पराभवाची शिक्षा तुरुंग असू शकते, हे त्याने विशीच्या आतच पाहिले होते. १९५७ मध्ये जायंट्सने ५०० डॉलर देऊन त्याला करारबद्ध केले. त्रुहियोची हत्या झाली ३० मे १९६१ रोजी; तोवर मारिचाल सॅन फ्रान्सिस्कोत स्थिरावला होता.

१०/२५
१९ जुलै १९६० रोजी त्याने पदार्पण केले ते प्रतिस्पर्ध्यांना फक्त एक फटका आणि शून्य धावा देऊन. चेंडू टाकण्यापूर्वी तो डावा पाय डोक्याच्या उंचीपर्यंत उचले. फलंदाजाला आधी बुटाचा तळ दिसे, मग चेंडू. १५ जून १९६३ रोजी त्याने ह्यूस्टनच्या संघाला एकही फटका मारू दिला नाही. लॅटिन अमेरिकेतील पिचरने मेजर लीगमध्ये केलेली ही अशी पहिलीच कामगिरी. स्पॅनशी गाठ पडली ती त्यानंतर १७ दिवसांनी.

११/२५
काळही पिचरांचा होता. १९६३ च्या हंगामासाठी स्ट्राइक झोन, म्हणजे ज्या चौकटीतून गेलेला चेंडू योग्य धरला जातो ती चौकट, मोठी करण्यात आली होती. पिचर उभा राहतो तो मातीचा उंचवटा तेव्हा १५ इंच उंच होता. शिवाय कँडलस्टिक पार्क उपसागराच्या काठावर. तेथील थंड, भोवंडून टाकणारा वारा खेळाडूंमध्ये कुप्रसिद्ध होता. तरीही दोन्ही संघांत असे फलंदाज होते की शून्याची अपेक्षा कोणी करू नये.

१२/२५
पहिली संधी ब्रेव्हजला चौथ्या डावात मिळाली. नॉर्म लार्कर दुसऱ्या बेसवर होता. डेल क्रँडलचा फटका मध्यक्षेत्रात पडला आणि लार्कर धाव पूर्ण करण्यासाठी घराच्या दिशेने सुटला. मध्यक्षेत्रात विली मेज होता. त्याने पुढे धावत चेंडू उचलला आणि थेट यष्टिरक्षकासारखे काम करणाऱ्या कॅचरकडे फेकला. लार्कर बाद. ब्रेव्हजची धाव इतकी जवळ पुन्हा आली नाही, असे म्हणता येईल.

१३/२५
सातव्या डावात फलंदाजीला आला खुद्द स्पॅन. त्या काळी पिचरलाही फलंदाजी करावी लागे आणि स्पॅन त्यात कच्चा नव्हता. कारकिर्दीत त्याने ३५ होम रन मारले. त्याचा फटका उजव्या बाजूच्या कुंपणाच्या वरच्या भागावर आदळला. थोडा उंच गेला असता तर स्पॅनने स्वतःचा सामना स्वतःच जिंकला असता. तो दुसऱ्या बेसवर पोहोचला आणि तिथेच राहिला. ४२ व्या वर्षी तो धावत होता, आणि पुढच्या अर्ध्या डावात पुन्हा पिचिंग करायचे होते.

१४/२५
नवव्या डावाच्या उत्तरार्धात जायंट्सच्या मकोव्हीने एक चेंडू मैदानाबाहेर भिरकावला. तो उजव्या सीमाखांबाच्याही वरून गेला. प्रश्न इतकाच : खांबाच्या आतून की बाहेरून? पंच ख्रिस पेलेकूडस यांनी फाउल दिला. मकोव्ही आणि जायंट्सचे व्यवस्थापक ॲल्विन डार्क यांनी वाद घातला. निर्णय बदलला नाही. तो होम रन ठरला असता तर ही कथा ९ डावांतच संपली असती आणि आज कदाचित कोणी सांगितलीही नसती.

१५/२५
आता जादा डाव सुरू झाले. डार्क मारिचालला पुन्हापुन्हा विचारू लागले : पुरे का? मारिचालचे उत्तर बेसबॉलच्या दंतकथांत जमा झाले आहे. त्याचा आशय असा, की समोरचा माणूस ४२ वर्षांचा आहे, मी २५ चा. तो उभा आहे तोवर मला बाहेर काढू नका. एका पिढीने दुसरीला दिलेला हा मान होता. त्यात आव्हानही होते.

१६/२५
या हट्टामागे आणखी एक वास्तव होते. तेव्हाच्या करारांत ‘रिझर्व्ह क्लॉज’ नावाचे कलम असे. करार वर्षाचा, पण वर्ष संपले तरी खेळाडूवरचा हक्क संघाचाच. दुसऱ्या संघाशी बोलणी करण्याची मुभा नाही. पुढच्या वर्षी किती पगार मागता येईल, हे विजयांच्या आणि पूर्ण केलेल्या सामन्यांच्या आकड्यांवर ठरे. बाहेर पडणारा पिचर विजयाचे श्रेय दुसऱ्याला देऊन जाई. दुखणारा हात लपवणे हा अशा व्यवस्थेत व्यवहाराचाच भाग होता.

१७/२५
प्रेक्षकांमध्ये एक माणूस हा सामना वेगळ्या नजरेने पाहत होता. कार्ल हबेल हा जायंट्सचा जुना डावखुरा पिचर. स्क्रूबॉल हीच त्याची कीर्ती. बरोबर ३० वर्षांपूर्वी, २ जुलै १९३३ रोजी, त्याने सेंट लुईसविरुद्ध एकट्याने १८ डाव पिचिंग करून सामना १–० असा जिंकला होता. आयुष्यभर स्क्रूबॉल टाकून त्याचा डावा तळहात बाहेरच्या बाजूला वळून राहिला होता. अशा रात्रीची किंमत काय असते, हे त्या स्टेडियममध्ये त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

१८/२५
चौदाव्या डावात जायंट्सने कोंडी जवळजवळ फोडली. हार्वी क्यूनने दुहेरी फटका मारला. पुढे होता मेज. स्पॅनने त्याला मुद्दाम चार चेंडू बाहेर टाकून पहिला बेस फुकट दिला. त्या सामन्यात स्पॅनने दिलेला हा एकमेव ‘वॉक’, आणि तोही हिशेबाने दिलेला. मग क्षेत्ररक्षणात चूक झाली आणि तिन्ही बेस भरले. स्पॅनने पुढचा फलंदाज उंच झेल देऊन बाद करवला. शून्य कायम राहिले.

१९/२५
स्पॅन आणि मेज यांचा हिशेब मात्र जुना होता. मे १९५१ मध्ये २० वर्षांचा मेज नुकताच जायंट्समध्ये आला होता. पहिल्या १२ प्रयत्नांत त्याला एकही फटका जमला नव्हता. त्याचा पहिला फटका होम रन ठरला, आणि तो चेंडू स्पॅनने टाकलेला होता. तेव्हा मेजला बाद केले असते तर सर्व पिचरांची त्याच्यापासून सुटका झाली असती, असे स्पॅन पुढे गमतीने सांगे. त्यानंतर १२ वर्षे हे दोघे एकमेकांसमोर उभे राहत आले होते.

२०/२५
सोळाव्या डावाच्या पूर्वार्धात मारिचालने ब्रेव्हजला पुन्हा शून्यावर रोखले. तंबूकडे परतताना आपण मेजला म्हणालो की डार्क चिडले आहेत, आता ते मला पुढे खेळू देणार नाहीत, अशी आठवण मारिचालने नंतर अनेकदा सांगितली. त्याच आठवणीनुसार मेजने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि हा सामना मी जिंकून देतो, असे सांगितले. मेजलाही त्या रात्री तोवर एकही फटका जमलेला नव्हता.

२१/२५
सोळाव्या डावाचा उत्तरार्ध. क्यून झेल देऊन बाद झाला. एक बाद, बेस रिकामे, समोर मेज. स्पॅनने टाकलेला स्क्रूबॉल जसा वळायला हवा होता तसा वळला नाही. मेजने तो डाव्या बाजूच्या कुंपणापलीकडे पाठवला. यजमान संघाने शेवटच्या अर्ध्या डावात आघाडी घेतली की सामना तिथेच संपतो. २०१ चेंडूंमधील तो शेवटचा. स्पॅनला माउंडवरून काढले गेले नाही. सामना संपला म्हणून तो चालत बाहेर आला.

२२/२५
आकडे असे : मारिचाल १६ डाव, ८ फटके, ४ वॉक, १० स्ट्राइकआउट. स्पॅन १५ डाव आणि १ बळी, ९ फटके, १ वॉक, २ स्ट्राइकआउट. म्हणजे मारिचालने चेंडू फलंदाजांना लागू दिला नाही. स्पॅनने तो लागू दिला, पण हवा तिथेच. सामन्यानंतर हबेलने स्पॅनविषयी म्हटले की या माणसाने आपले शरीर वैद्यकशास्त्राला दान करावे, जगाने असे काही पाहिलेले नाही. त्या वर्षी मारिचालने २५ सामने जिंकले, स्पॅनने २३.

२३/२५
येथे कथा संपवली तर ती फक्त वीरकथा होईल. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, स्पॅनचे विजय ६ वर आले आणि पराभव १३ झाले. त्याच काळातील थोर पिचर सँडी कूफॅक्स कोपराच्या संधिवातामुळे १९६६ नंतर, अवघ्या तिशीत, निवृत्त झाला. ज्यांचे हात टिकले त्यांची नावे इतिहासात राहिली. खालच्या लीगांत खांदे आणि कोपरे गमावून घरी गेलेल्यांचा धावफलक कोणी मांडून ठेवलेला नाही.

२४/२५
हळूहळू सारे बदलले. १९६९ मध्ये माउंडची उंची १५ वरून १० इंचांवर आली. डिसेंबर १९७५ मधील लवादाच्या निर्णयाने रिझर्व्ह क्लॉजची पकड सुटली. हात हे संघाचे महागडे भांडवल ठरले आणि चेंडू मोजले जाऊ लागले. आज सुरुवातीचा पिचर १०० चेंडूंच्या आसपास थांबवला जातो. २०२० पासून तर जादा डावाची सुरुवातच दुसऱ्या बेसवर धावपटू ठेवून होते. १६ डावांपर्यंत शून्य राखणे आता नियमांनाच नको आहे. त्यात काही गमावले आहे, आणि अनेकांचे कोपर वाचले आहे; दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

२५/२५
१९६५ मध्ये स्पॅनने आपल्या कारकिर्दीचे शेवटचे महिने जायंट्समध्ये, मारिचालचा सहकारी म्हणून काढले. त्याचे एकूण विजय ३६३. डावखुऱ्या पिचरांत आजही सर्वाधिक. १९७३ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. १९८३ मध्ये मारिचाल तेथे पोहोचलेला पहिला डॉमिनिकन खेळाडू ठरला. आज स्पॅनचा पुतळा अटलांटात आहे, मारिचालचा सॅन फ्रान्सिस्कोत. मूर्तिकारांनी दोघांनाही एकाच क्षणी पकडले आहे : एक पाय हवेत उंच, चेंडू अजून हातातच.